पहिला चिरा

भोपळ्यावरचं ओलं धोतर उचलून वच्छलाबाईंनी पाहिलं आणि त्या जागीच थबकल्या.

सकाळी टेम्पोतून उतरवला तेव्हा हा लाल भोपळा अखंड होता. त्यांनी स्वतः त्याच्यावरून हात फिरवला होता. कुठे नखाचीही खूण नव्हती. आता दुपारी त्याच्या देठाची चकती झाकणासारखी कापलेली होती, आतला गर आणि बिया काढून पोट मोकळं केलं होतं आणि अंगावर अर्धा मोर कोरलेला होता. मोर देखणा होता, त्याबद्दल वच्छलाबाईंची काही तक्रार नव्हती. प्रश्न एवढाच होता, की घरात गडीमाणूस नसताना याला पहिला चिरा दिला कुणी?

अखंड भोपळ्याला बाईने सुरी लावायची नसते, हे झरी गावात कुणाला शिकवावं लागत नाही. भोपळा म्हणजे थोरला लेक. बाईने तो चिरला तर तिच्या थोरल्या लेकावर येतं, झालेल्या नाहीतर होणाऱ्या. नवऱ्याने, दिराने, नाहीतर रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या बाप्याने पहिला चिरा द्यायचा, मग बाईने त्याची भाजी करावी, घारगे करावेत, काय हवं ते करावं. वच्छलाबाईंचे यजमान बन्सीधर वारले त्या वर्षी परसातल्या वेलाला भोपळेच भोपळे धरले होते. घरात खायला फार काही नव्हतं. पण एकुलता बजरंग तेव्हा शाळेत जात होता, म्हणून त्यांनी भोपळे गावात वाटून टाकले आणि एकालाही सुरी लावली नाही.

तो बजरंग आता उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. दिवाळीनंतर जो सांगलीकडे गेला तो पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे कारखाना बंद झाल्याशिवाय परतणार नव्हता. घरात त्या, सून ज्ञानेश्वरी आणि तिसरीतली नात सृष्टी. तिघीही बायकाच.

वच्छलाबाईंनी धोतर पुन्हा होतं तसं झाकलं. दुमडलेलं टोकही होतं तिथेच ठेवलं. संशय घ्यावा तर असा, की समोरच्याला वास लागू नये.

त्यांचा स्वभावच तो. दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी दूध घेतलं नाही, आणि दुकानदाराच्या तराजूखालून हात फिरवल्याशिवाय साखर घेतली नाही. अर्धी उमर उसाच्या फडावर गेली होती. तिथे मुकादमापासून शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या बाईपर्यंत सगळ्यांवर नजर ठेवावी लागायची, नाहीतर आपण बांधलेली मोळी दुसऱ्याच्या नावावर जायची. फड सुटला तरी नजर सुटली नाही. आणि खोटं कशाला बोला, त्यांचा संशय बऱ्याचदा खरा निघायचा, त्यामुळे तो सोडायचं कारणही त्यांना कधी पडलं नाही.

सुनेला हे कोरायचं काम करू द्यायचं ते त्यांनीच ठरवलं होतं. ज्ञानेश्वरीही आधी बजरंगबरोबर ऊसतोडीलाच जायची. तीन वर्षांपूर्वी फडावर तिच्या पोटात काही दुखणं उपटलं. खडा होता म्हणे. तिकडेच ऑपरेशन झालं. डॉक्टरने मोळी उचलायची नाही म्हणून सांगितलं, तेव्हा बजरंगने कोयता ठेवून ट्रॅक्टर धरला आणि ज्ञानेश्वरी घरी राहिली. मग ती परभणीच्या एका केटररकडे लग्नाच्या स्वयंपाकाला हाताखाली जाऊ लागली. तिथल्या सुकेशनी नावाच्या बाईने तिला कोरायचं शिकवलं. अलीकडे लग्नात काकडी-टोमॅटोच्या टेबलावर कोरलेली कलिंगडं नि भोपळे मांडायची टूम निघाली आहे. त्यावर मोर असतात, गुलाब असतात, नवरानवरीची नावंही असतात. ज्ञानेश्वरीचा हात असा बसला, की केटरर भोपळे तिच्या घरीच पाठवू लागला. वच्छलाबाईंनी एकच अट घातली होती. पहिला चिरा बाप्याने द्यायचा. त्यासाठी चार घरं पलीकडचे सुग्रीव, बन्सीधरांचे चुलतभाऊ, येऊन जात. सुरी टेकवायची, इकडचंतिकडचं बोलायचं आणि कपभर चहा पिऊन जायचं. आज मात्र चहाचा कप कुठेच दिसत नव्हता.

ज्ञानेश्वरी धुणं घेऊन आली तेव्हा वच्छलाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. तांदळात एकही खडा नव्हता.

"डांगर चिरलं कोणी गं?" त्यांनी सहज विचारलं. भोपळ्याला त्यांच्याकडे डांगरच म्हणतात.

"सुग्रीवमामांनी."

"कवा आल्ते?"

"तुमी गिरणीला गेल्ताव तवा. उभ्या उभ्याच चिरा दिला न गेले."

"च्या?"

"न्हाई घेतला. गडबडीत हुते."

सुग्रीव भाऊजी मयतीच्या घरीसुद्धा चहाची वाट बघत बसणारा माणूस. तो चहा सोडून गडबडीत गेला, हे ऐकूनच वच्छलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

ज्ञानेश्वरीने भोपळा मांडीशी घेतला आणि कामाला लागली. तिचे भोपळे टिकतात म्हणून केटरर तिला सोडत नव्हता. हळद, लग्न, रिसेप्शन असा सगळा कार्यक्रम उरकेपर्यंत ते ताठ उभे असायचे. बाकीच्यांचे दुसऱ्या दिवशीच मऊ पडायचे, नक्षीच्या कडा काळ्या व्हायच्या आणि माश्या घोंगावायच्या. ती चमच्याने भोपळ्याचं आतलं अंग पुन्हा खरवडू लागली. मग तुरटी आणि मीठ घातलेल्या पाण्याने धुऊन त्याला फडक्यावर पालथा घातला.

"किती खरवडशील? भोक पडंल त्याला," वच्छलाबाई म्हणाल्या.

"आतला गर ऱ्हायला की तितूनच सडतंय, आत्याबाई. वरून किती बी चोपडा."

वरून चोपडायची सोयही होतीच. नक्षीच्या कडांना ती व्हिनेगरचं बोट लावायची, सुकलं की व्हॅसलीनचा पातळ हात द्यायची आणि मग बन्सीधरांच्या जुन्या धोतरात, ते ओलं करून, गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. व्हिनेगरच्या बाटलीचा वच्छलाबाईंनी पहिल्याच दिवशी वास घेतला होता. दारू नव्हती, पण वास काही सरळ नव्हता. आज ती बाटलीही त्यांना वेगळी वाटायला लागली. सुनेच्या केसांना तेल जरा जास्त होतं का? फोन आला की ती परसात का जाते? हे सगळं त्यांना रोज दिसत होतं, पण रोज त्याचा काही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची बायनाबाई विरजण मागायला आली. बायनाबाईला विरजण कधीच लागत नसे, तिला बातमी लागे. तिच्याकडे एक म्हैस होती आणि गावातल्या सगळ्या बातम्या होत्या.

"सुग्रीव भाऊजीचा डोळा झाला म्हणं," ती म्हणाली. "पट्टी सोडली काल."

"कोणता डोळा?"

"अवो, मोतीबिंदू. ऐतवारपसून जालन्यालाच न्हाईत का, लेकीकडं. तुमाला म्हाईत न्हाई?"

"म्हाईत हाय की," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा हात विरजणाच्या वाटीत तसाच राहिला.

"मंग तुमच्या डांगरायला चिरा कोण द्यायलंय?"

"हाय कोणीतरी."

तोंडातून शब्द गेला आणि त्यांनी जीभ चावली. बायनाबाईच्या डोळ्यांत लगेच उजेड पडला. "कोणीतरी," ती स्वतःशीच म्हणाली आणि विरजण न घेताच निघाली.

वच्छलाबाई दिवसभर चुलीपुढे बसून राहिल्या. सून खोटं बोलली होती. जी बाई चिऱ्याबद्दल खोटं बोलते ती चिरा देणाऱ्याला लपवत असते, याशिवाय दुसरा अर्थ त्यांना दिसेना. मग त्यांनी गावातले पुरुष एकेक करून मनातून गाळायला सुरुवात केली. अर्धे उसाला गेलेले. उरलेले एकतर म्हातारे, नाहीतर रानात तूर गोळा करण्यात गुंतलेले. शेवटी चाळणीत एकच उरला. केटररचा टेम्पोवाला पप्पू.

पप्पू पंचविशीचा, हसरा, गळ्यात रुमाल. भोपळे तोच आणायचा आणि कोरून झाले की तोच न्यायचा. यात संशय घेण्यासारखं इतकं होतं, की आधी कसा घेतला नाही याचंच वच्छलाबाईंना नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी तो दोन नवे भोपळे घेऊन आला, तेव्हा त्या स्वतः पुढे झाल्या. ज्ञानेश्वरी आत होती.

"बाबा, आलास तसा एक काम कर. चिरा दिऊन जा ह्याला."

पप्पू दोन पावलं मागे सरला. "नको मावशी. मला न्हाई जमत त्ये."

"कामून? बाप्या न्हाईस का?"

"तसं न्हाई. मपलं लगीन ठरलंय. आई म्हणली, तवर कशाला बी सुरी लावू नको म्हणून. न् वैनी तर म्हणल्या हुत्या, तुमचे दीर देतेत म्हणून." एवढं बोलून तो टेम्पोत चढला. त्याने घराच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

दाराकडे पाहिलं नाही, हेही वच्छलाबाईंनी ध्यानात ठेवलं. सरळ माणूस सहज पाहतो. मुद्दाम न पाहणारा निराळा.

दुपारी त्या नुसत्या पडून होत्या, झोप नव्हती. खरं असलं तर काय करायचं? सुनेला माहेरी धाडायचं. मग सृष्टीचं काय? आणि तिकडे एकटा ट्रॅक्टर हाकणाऱ्या बजरंगच्या कानावर हे कोणत्या तोंडाने घालायचं? ज्ञानेश्वरी त्यांना आवडत होती, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. सून कामाची होती, उलट बोलत नव्हती. एका लेकीवर थांबली, एवढंच तिच्यात उणं होतं, आणि त्यासाठी वच्छलाबाईंनी काय करायचं ठेवलं नव्हतं. जिंतूरकडच्या एका बाईचं झाडपाल्याचं औषध झालं, उपास झाले, नारळ झाले. गेल्या श्रावणात तर ज्ञानेश्वरी बाजूला बसायचे दिवस उलटून गेले तरी बसली नव्हती. वच्छलाबाईंनी भरपूर तूप घालून शिरा केला होता आणि देवापुढे ठेवून आधी तिला खाऊ घातला होता. दोन दिवसांनी ती कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली दिसली. वच्छलाबाईंनी तिचं ताट लांबून सरकवलं. त्या दिवशी त्या तिला टाकून बोलल्याही होत्या.

आणि आता हे. लेकासाठी आपण देव पाण्यात ठेवायचे आणि हिने पप्पूच्या हातची सुरी घ्यायची. त्यांना रडू आलं ते रागाचंच होतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लुगड्याचं गाठोडं काखेत मारलं. "बहिणीकडं जायलेय पेडगावला. दिवस मावळायला यीन," त्या म्हणाल्या. सृष्टी शाळेत गेलेली होती.

"दोन्ही डांगरं आजच न्यायला येणार हायेत," ज्ञानेश्वरी म्हणाली. "त्याला चिरा द्यायला..."

"सुग्रीव भाऊजी हायेत की," वच्छलाबाई म्हणाल्या आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

ज्ञानेश्वरीने मान खाली घातली. "हायेत," ती म्हणाली.

फाट्यापर्यंत जाऊन वच्छलाबाई रिकाम्या एसटीपुढून मागे फिरल्या. गावात न शिरता ओढ्याच्या काठाने येऊन परसातल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड उभ्या राहिल्या. तिथून मागचं दार सरळ दिसत होतं. या वयात चोरासारखं आपल्याच घरामागे उभं राहायची त्यांना लाज वाटली. पण पाय हलेनात. आत बोलणं ऐकू येईल, हसणं ऐकू येईल, म्हणून त्या कान देऊन उभ्या होत्या. फक्त बांगड्यांचा आवाज आला.

त्या दारापाशी आल्या. ज्ञानेश्वरी एकटीच पाय पसरून बसली होती. पुढच्या दाराला कडी. एक भोपळा भिंतीशी, दुसरा तिच्या दोन्ही पायांच्या मध्ये. तिने पदराने तो पुसला, उजवा हात भोपळ्याला लावून कपाळाला लावला आणि सुरीचं टोक देठाशी ठेवून दोन्ही हातांनी दाबलं. कच्चकन आवाज झाला. तिचा चेहरा काम करणाऱ्या बाईचा असतो तसाच होता.

"ज्ञाने."

सुरी भोपळ्यातच राहिली.

"कोणी नव्हतंच," वच्छलाबाई म्हणाल्या आणि उंबऱ्यावर मटकन बसल्या. "कोणीच नव्हतं का गं?"

"कोण?"

त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन दिवसांचं ओझं असं उतरलं, की क्षणभर त्यांना बाकी काही सुचलंच नाही. मग समोरचा भोपळा दिसला. त्यातली सुरी दिसली.

"अगं, पर तूच चिरायलीस?"

"सुग्रीवमामा गेल्यापसून. दुसऱ्या कोण्या बाप्याला बलवलं असतं तर गावानं काय म्हणलं असतं?"

"मला सांगायचं. म्या आणला असता कोणाला तरी. तुला अक्कल हाय का न्हाई? उद्या लेक हुईल, त्याच्यावर यील ह्ये."

"न्हाई हुणार, आत्याबाई."

"असं तोंडातून काढू न्हाई. जिंतूरवालीनं नवी पुडी दिलीय."

"मपली पिशवी काढलीय." ज्ञानेश्वरी हळू बोलत होती, पण थांबत नव्हती. "फडावर हुतो तवाच. खडा न्हवता त्यो. अंगावरून लय जायाचं. डाक्टर म्हणला, पिशवी खराब झाली, कॅन्सर हुईल. मुकादम म्हणला, काढून टाका, म्हैन्याचे खाडे बी न्हाई पडायचे. काढली."

वच्छलाबाईंनी हे ऐकलं, पण त्यांचं मन लगेच कबूल होईना. दुधात बोट बुडवून पाहणारी बाई होती ती. "खोटं बोलू नको. तू दर म्हैन्याला बाजूला बसतीस."

"बसते."

"मंग?"

"नसते बसले तर तुमी इचारलं नसतं का?"

परसातून कोंबडी आत आली, तिला कुणी हाकललं नाही.

तीन वर्षं. दर महिन्याला सून कोपऱ्यात घोंगडी टाकून बसत होती, फडकी धुऊन वाळत घालत होती आणि वच्छलाबाई तिला लांबून ताट सरकवत होत्या. साऱ्या गावाची चोरी पकडणाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत.

"सरावणात?" त्यांनी विचारलं.

"सृष्टीला ताप हुता तवा. दिवस ध्यानातच ऱ्हायले न्हाईत. तुमी शिरा केलाव, तवा आठवलं."

"अन् तू खाल्लास."

"तुमी किती खुशीनं दिला हुता," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पुड्या बी खाल्ल्या समद्या."

वच्छलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्या दिवशी आपण हिला काय काय बोललो ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं.

"बजरंगाला ठाव हाय?"

"त्यायनीच सही केली की. म्हणले, आईला सांगू नको, ती दुसरी कर म्हणील."

मी तसं कशाला म्हणाले असते, असं वच्छलाबाईंच्या तोंडाशी आलं होतं. पण तीन वर्षांपूर्वीच्या वच्छलाबाईला त्या चांगल्या ओळखत होत्या. तिचा त्यांना भरवसा देता येईना.

"पहिल्यांदा सुरी लावताना मला बी भेव वाटलं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मंग म्हणलं, मपल्यापसून आता ह्ये काय नेणार हाय?"

पुढच्या दाराची कडी वाजली. "वच्छलाबाई हायेत का घरात? पेडगावला जायलेत म्हणलं, मंग ओढ्यानं कोण आलं?" बायनाबाईचा आवाज. कडी कुणी काढेना तशी ती घराला वळसा घालून मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिने सासूला पाहिलं, सुनेला पाहिलं आणि मग तिची नजर भोपळ्यातल्या सुरीवर आली. चिऱ्यातून रस नुकताच मण्यासारखा वर येत होता.

"ताजा चिरा दिसायलाय," ती म्हणाली आणि मान लांब करून आतल्या खोलीत पाहिलं. "कोणी दिला?"

ज्ञानेश्वरीने तोंड उघडलं. आता ही 'मी' म्हणेल, हे वच्छलाबाईंना दिसलं. मग बायनाबाई विचारील, तुला भीती कशी वाटली नाही. आणि दिवस मावळायच्या आत त्या प्रश्नाचं उत्तर गाव काढील, सगळ्या ओट्यांवर. आणि ती नाही बोलली तर गाव पप्पूला शोधून काढील. तसा तो वच्छलाबाईंनीही काढला होताच.

"म्या दिला," त्या म्हणाल्या.

"तुमी?" बायनाबाई हसली. "तुमी डांगर चिरताल व्हय? बन्सीधर दाजी गेले त्या साली वेलावरची डांगरं मपल्याच घरी धाडली हुती तुमी. लेकापायी."

"तवा न्हाई चिरलं. आता चिरते."

"ऱ्हाऊ द्या. कशाला कोणाचं झाकताव?"

वच्छलाबाई उठल्या. भिंतीशी दुसरा भोपळा होता, अखंड. तो त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पुढ्यात घेतला. ज्ञानेश्वरीच्या भोपळ्यातली सुरी उपसली.

"आत्याबाई, नको," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिने त्यांचं मनगट धरलं. "तुमाला ल्योक हाय."

"सोड."

"अवो, एकुलता हाय त्यो," आता बायनाबाईही घाबरली होती. "रातंदिस रस्त्यावर, ट्रॅक्टरवर. असं काय करताव? म्या काई म्हणलं का?"

वच्छलाबाईंनी मनगट सोडवलं. त्यांचा या गोष्टीवर आजही विश्वास होता, सकाळी होता तेवढाच. सुरीचं टोक देठाशी ठेवताना त्यांना बजरंग दिसला, अंगात बनियन, दोन्ही हात स्टिअरिंगवर. साल जाड होती. त्यांनी सगळं अंग सुरीवर टाकलं आणि सुरी मुठीपर्यंत आत गेली. मग त्यांनी ती खाली ओढली, चांगली वीतभर.

"ह्यो म्या दिला," त्या बायनाबाईला म्हणाल्या. "आदीचे बी म्याच दिले. जा, सांग ज्याला सांगायचं त्याला."

बायनाबाईने कानाला हात लावले आणि पाठ न दाखवताच दारातून मागे सरली. ती ओढ्यापर्यंत गेल्याची खात्री होईपर्यंत वच्छलाबाई तशाच बसून होत्या.

"फोन लाव," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"बजरंगाला."

ज्ञानेश्वरीचा चेहरा उतरला. तिने काही न विचारता फोन लावून त्यांच्या हातात दिला. रिंग वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली.

"परत लाव."

पुन्हा तेच. वच्छलाबाईंच्या ओठावर घामाचे थेंब आले. तिसऱ्यांदा त्यांनी फोन कानाला इतका घट्ट धरला, की कर्णफूल गालात रुतलं.

"बोल आई," बजरंग ओरडून बोलत होता, मागे इंजिनचा आवाज होता. "चालू गाडीवर हाय."

"कुटं हायेस?"

"कारखान्याच्या रस्त्याला. भरून निघालोय. काय झालं?"

त्यांना पुष्कळ विचारायचं होतं. आईची एवढी भीती वाटते का तुला, हे विचारायचं होतं. ज्ञानेश्वरी दोन्ही भोपळ्यांच्या मध्ये बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या हातातला चमचा भोपळ्याच्या काठावर थांबला होता.

"काई न्हाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "हळू चालव."

"हळूच चालवायलोय. ठिवू का?"

"ठिवू नको. तसाच खिशात घाल."

"कामून?"

"घाल म्हणते ना."

खसखस झाली, मग कापडात गुंडाळल्यासारखा इंजिनचा आवाज येऊ लागला. चढ लागला तसा तो जड झाला, गिअर बदलला, पुन्हा मोकळा झाला. ज्ञानेश्वरीने सासूच्या भोपळ्याची चकती काढली आणि खाली मान घालून आतला गर खरवडायला घेतला. वच्छलाबाई उंबऱ्यावर डोळे मिटून बसल्या होत्या. ट्रॅक्टर ऐकू येत होता तोवर त्यांनी फोन कानापासून काढला नाही.